होगन स्टँड आणि चार पुतळा

गेल्या आठवड्यात सोलापूरच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका वर्गमित्राने लिहिलं, "इतिहास पुस्तकात ठेवा बे, मैदान पोरांना खेळायला द्या की." विषय दरवर्षीचाच. जानेवारी जवळ आला की होम मैदानावर गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे पाळणे उभे राहतात, मिरवणुकीसाठी रस्ते बंद होतात, १२ तारखेला चार हुतात्म्यांच्या चौकात, चार पुतळ्यापाशी हार घालायला गर्दी होते आणि खेळणारी पोरं बॅट घेऊन जागा शोधत फिरतात. त्याचा मुलगा चौदा वर्षांखालच्या संघात आहे, त्यामुळे त्याची अडचण मला कळते. पण पुढे त्याने आणखी एक ओळ टाकली, "हुतात्म्यांनी काय रणजी जिंकून दिली का आपल्याला?" आणि त्याखाली सात-आठ हसरे चेहरे.

मी तेव्हा आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या बसच्या वरच्या मजल्यावर होतो, ल्यूकनला घरी निघालेला. ती ओळ वाचली आणि माझं डोकंच फिरलं. उतरायचा थांबा मागे पडला तरी मी टाइप करतच होतो.

मी लिहिलं की डब्लिनमध्ये मैदान आणि इतिहास वेगळे काढताच येत नाहीत. क्रोक पार्क या इथल्या मोठ्या मैदानाची तिकिटं मिळाली म्हटलं की लोक कुठल्या स्टँडची ते विचारतात, "होगनला की कुसॅकला?" यातला होगन म्हणजे मायकल होगन, टिपरेरी या परगण्याचा खेळाडू. २१ नोव्हेंबर १९२० ला डब्लिन-टिपरेरी सामना चालू असताना ब्रिटिशांचे सशस्त्र पोलीस आत घुसले आणि त्यांनी गोळीबार केला. त्या सकाळी आयरिश बंडखोरांनी शहरात ब्रिटिश हेर मारले होते, त्याचा हा सूड. १४ माणसं गेली. त्यात १०, ११ आणि १४ वर्षांची तीन पोरं होती, आणि २४ वर्षांचा होगन खेळाच्या कपड्यांतच पडला. आज त्याच्या नावाच्या स्टँडमध्ये बसून लोक चिप्स खातात, पंचाला शिव्या घालतात. ते नाव काढून पुस्तकात ठेवा, असं म्हणणारा मला इथे अजून भेटलेला नाही.

मग मी मित्राला विचारलं, १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात काय झालं ते तुझ्या मुलाला ठाऊक आहे का?

मला ठाऊक आहे, कारण आमच्या घरात ते बोलण्यात होतं. आजोबा जुन्या मिलमध्ये कामाला होते. त्यांनी कधी चिडून आम्हा पोरांना बाहेर जायला मनाई केली की आजी म्हणायची, "काय मार्शल लॉ लागलाय का घरात?" कितीतरी दिवस मला तो एकच शब्द वाटायचा, मार्शल्ला, काहीतरी तेलुगू नाहीतर कानडी. आमच्या गल्लीत सगळ्याच भाषांचे शब्द असायचे. एकदा दळण निवडता निवडता तिने सांगितलं. गांधीजींना पकडल्याची बातमी आली, गावाने हरताळ पाळला. ८ मे ला गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे गेले. मग लोक बिथरले. पोलीस चौकी जळाली, कोर्ट जळालं, पोलीसही मारले गेले. पुढचे तीन दिवस गावात इंग्रजांचं सरकार असं उरलंच नव्हतं, काँग्रेसचे स्वयंसेवक बंदोबस्त बघत होते. १२ मे ला लष्करी कायदा लागला तो ३० जूनपर्यंत. डोक्यावर गांधी टोपी दिसली तरी माणसाला धरत. "तुझ्या पणजोबांनी टोपी पिठाच्या डब्यात लपवली होती," आजी म्हणाली, आणि तिने उठून फळीवरच्या डब्याचं झाकण काढून मला आत बघायला लावलं. आत ज्वारीचं पीठच होतं. मी तरी हात घालून बघितला.

१२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिलं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. ही चार नावं एका दमात म्हणून बघा, सोलापूरच्या चार गल्ल्या फिरून आल्यासारखं होतं. आज रिक्षावाला ओरडतो, "चार पुतळा, चार पुतळा, एक सीट!" मित्राचं म्हणणं असं की त्या चौघांचा आता नुसता स्टॉप झालाय, त्यात इतिहास कुठं राहिला? मी म्हणतो, स्टॉप झालाय म्हणूनच राहिला. रिक्षात बसलेलं एखादं पोरगं कधीतरी विचारतंच, चार कोण? शेजारी सांगणारं माणूस असलं म्हणजे झालं.

माझी मुलगी शनिवारी सकाळी ज्या क्लबात हर्लिंग, म्हणजे काठी-चेंडूचा आयरिश खेळ, खेळते त्याचं नाव ल्यूकन सार्सफील्ड्स. पॅट्रिक सार्सफील्ड हा ल्यूकनचाच सेनानी, १६९३ साली परमुलखातल्या लढाईत जखमी होऊन गेला. मागे एकदा तिच्या हर्लिंगच्या काठीच्या मुठीवर मी टेप गुंडाळत बसलो होतो, तेव्हा तिनेच मला त्याची गोष्ट सांगितली. दहा वर्षांची पोर, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि तोंडात सतराव्या शतकातली लढाई. मला कौतुक वाटलं आणि पाठोपाठ संताप आला. कारण त्याच दशकात औरंगजेबाची छावणी आपल्या भीमेकाठी ब्रह्मपुरीला, म्हणजे माचणूरला पडली होती. १६९५ पासून चार वर्षं हिंदुस्थानचा बादशहा मंगळवेढ्याच्या शेजारी मुक्कामाला होता. आमची सहल माचणूरला गेली होती. आम्ही देवळात पाया पडलो, घाटावर डबे खाल्ले आणि परत आलो. कुणी एक शब्द सांगितला नाही.

आणि क्लब म्हणजे तरी काय, आपली तालीमच की. आपल्याकडे तालमीत कुस्ती असते, गणपती असतो, लेझीम असते, जयंतीची मिरवणूक तिथूनच निघते, गल्लीत कुणी वारलं तर तालमीतलीच पोरं धावतात. इथले क्लबही असेच गाव धरून असतात. क्रोक पार्कवर खेळणारा मोठा खेळाडू सोमवारी शाळेत शिकवायला जातो, खेळाचे पैसे त्याला मिळत नाहीत. ही सगळी मांडणी आयरिश लोकांनी १८८४ साली गेलिक ॲथलेटिक असोसिएशन ही संस्था काढून केली. आपल्याकडे ती आधीपासून आहे, आणि आपणच तिला ट्रॅफिकची अडचण म्हणतो.

यावर मित्राचं उत्तर आलं. "पाणी चार दिवसाआड येतंय. रात्री तीनला उठून मोटर लावायलालोय मी. तुला पुतळ्याचं पडलंय. तिकडं बसून शिकवू नको."

मी बराच वेळ फोन हातात धरून बसलो. इथे नळ सोडला की पाणी येतं आणि गेल्या अकरा वर्षांत मी त्याचा विचारही केलेला नाही. तरी मी माघार घेतली नाही. हार घालणं बंद केलं तर नळाला रोज पाणी येणार आहे का? १९३० साली रस्त्यावर उतरलेली माणसं काय पोटभर जेवून, घागरी भरून उतरली होती?

दुसऱ्या एकाने मध्येच टाकलं की मैदानात इतिहास आणला की मारामाऱ्याच होतात, भारत-पाकिस्तान बघ. त्याला मी २४ फेब्रुवारी २००७ सांगितला. लॅन्सडाउन रोड या रग्बीच्या मैदानाचं बांधकाम चालणार होतं म्हणून इंग्लंडचा रग्बी संघ क्रोक पार्कात खेळायला आला. ज्या मैदानावर रग्बीला मज्जावच होता आणि तो उठवावा की नाही यावर देशभर भांडणं झाली होती, तिथे 'गॉड सेव्ह द क्वीन' वाजणार होतं. माझ्या ऑफिसातला साठीचा एक सहकारी तेव्हा तिथे होता. तो सांगतो की सगळं मैदान गप्प उभं राहिलं, कुणी हूं की चूं केलं नाही. मग आयर्लंडचं गीत सुरू झालं तेव्हा त्याच्या शेजारचा अनोळखी माणूस रडत होता. आयर्लंडने सामना ४३-१३ असा जिंकला. तिथे १९२० साली काय झालं हे ज्यांना माहीत होतं, ती माणसं गप्प उभी राहिली. माहीत नसतं तर हुर्यो उडाली असती.

आणि रणजीचंच म्हणाल तर पॉली उम्रीगरांचं लहानपण सोलापुरात गेलं. भारतातर्फे कसोटीतलं पहिलं द्विशतक त्यांचं, १९५५ साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३. एकूण ५९ कसोट्या, १२ शतकं. शाळेच्या दिवसांत मी सोलापूरच्या पार्क मैदानावर सहा वर्षं चेंडू टाकले, मला हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं ते डब्लिनमधल्या क्लॉन्टार्फच्या मैदानावर एका पुणेकराने, आणि त्याला वाटलं मी सोलापूरचा म्हणजे मला माहीत असणारच. मी नुसती मान डोलावली. माझ्या मित्राच्या मुलाला उद्या अशी मान डोलवायला लागू नये, एवढंच माझं म्हणणं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. एक गोष्ट मात्र लिहिली नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले. दूतावासाने सूचना काढली की निर्जन जागी, अवेळी जाऊ नका. फिनिक्स पार्कमधला इंडिया डे पुढे ढकलला गेला. त्याच दिवसांत शहरात दिव्याच्या खांबांवर आयर्लंडचे झेंडे लागले, हिरवा-पांढरा-नारिंगी. ब्रिटिशांविरुद्धच्या १९१६ च्या उठावात डब्लिनच्या मुख्य पोस्ट ऑफिसवर फडकला तोच झेंडा. भारतातून पाहुणे आले की मी त्यांना मुद्दाम तिथे नेतो, खांबांवरच्या गोळ्यांच्या खुणांवर बोट ठेवून दाखवतो, आणि सांगताना माझा आवाज चढतो, जणू त्या लढाईत आमच्या घरातलं कुणी होतं. आणि आता खांबाखांबावरचा तो झेंडा बघून मी मुलीचा हात घट्ट धरत होतो. तो तिथे का लावलाय हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या आठवड्यात मी मुलीला क्लबाची जर्सी घातल्याशिवाय घराबाहेर पाठवलं नाही. जर्सीत ती इथली दिसते, असं मला वाटत होतं. बायको म्हणाली, "आणि आपण काय घालायचं?"

मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

सोलापूरचं घर आम्ही भावंडांनी चार वर्षांपूर्वी विकलं. मी सहीलाही आलो नाही, मुखत्यारपत्र पाठवलं. अकरा वर्षांत एकदाही गड्ड्याला आलो नाही. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, संमती कट्ट्यावर पडणाऱ्या अक्षता, सगळं फोनच्या पडद्यावर बघतो. "बोला हर्र" ऐकलं की गळा दाटून येतो. भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. १९३८ साली ते चीनला गेले, ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले, ३२ व्या वर्षी. लांब गेलेल्या माणसालाही गाव आपलं म्हणतं, असं त्यांच्याकडे बघून मला लहानपणी वाटायचं. पण ते जखमी सैनिकांवर उपचार करायला गेले होते, मी पगारासाठी आलो. माझ्यासाठी गावाने कसली आठवण ठेवावी? म्हणून मला चार पुतळ्याचा चौक जिथल्या तिथे हवा आहे. गर्दी होऊ दे, रस्ता बंद पडू दे, पण मी कधी परत आलो तर रिक्षावाल्याने तेच नाव ओरडायला हवं. मित्राला रोज त्या रस्त्याने मुलाला सरावाला न्यायचं असतं, मला नाही, हेही मला कळतं.

रविवारी रात्री मुलीला मी ती चार नावं वाचून दाखवली आणि म्हणायला लावली. 'धनशेट्टी'वर ती अडखळली, तीन वेळा म्हणून बघितलं, मग जमलं. नंतर तिने विचारलं, "यातलं कोण काय खेळायचं?"

मला माहीत नव्हतं. मी तोच प्रश्न ग्रुपवर टाकला. सोलापुरात पहाटेचे साडेतीन वाजले होते, सकाळपर्यंत कुणी बघणार नाही असं वाटलं होतं. दोन मिनिटांत त्याच मित्राचा मेसेज आला.

"मोटर लावायलालो. थांब, आमच्या तालमीत एक म्हातारे आहेत, सकाळी विचारून सांगतो."