पॉइंट पाचची साडेसाती

"कॉम्प्युटर बिघडलाय का?" बायकोनं दारातूनच विचारलं.

"नाही."

"मग उघडलायस कशाला?"

"नाही" म्हणण्यापुरता तोंडातला टॉर्च काढला होता, तो मी परत दातांत धरला. तोंडात टॉर्च असलेल्या माणसाकडून कोणी उत्तराची अपेक्षा करत नाही.

खरं उत्तर देण्यासारखं नव्हतंच. माझा प्रोसेसर, इंटेलचा कोअर आय-फाइव्ह २५००के, ३.३ गिगाहर्ट्झ वेगाचा होता आणि मला तो ४.५ वर पळवायचा होता. कंपनीनं ३.३ चा शब्द दिला होता आणि तो बिचारा बिनतक्रार पाळत होता. बरं, या कॉम्प्युटरवर मी करतो काय, तर आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचे हिशेब. चोवीस फ्लॅट, दोन दुकानं, एक पाण्याचा पंप. त्या हिशेबाला पाटी-पेन्सिलही पुरली असती.

पण नावाच्या शेवटचा तो 'के' स्वस्थ बसू देईना. के म्हणजे गुणकाला कुलूप नाही. मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झचा, त्याला ३३ नं गुणलं की ३.३ गिगाहर्ट्झ. ३३ खोडून ४५ लिहिलं की ४.५. त्या के साठी चार पैसे जास्त मोजले होते. घरात बिनकुलपाचं कपाट आहे आणि ते उघडायचं नाही, हे आमच्या रक्तात बसत नाही.

शिवाय एक जुनी जळजळ होती. १९९८ साली बाजारात सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्तातला प्रोसेसर आला. त्याची बस, म्हणजे मूळ ठोका, ६६ मेगाहर्ट्झवरून १०० वर नेली की ३०० चा थेट ४५० व्हायचा. दीडपट वेग, फुकटात! कॉलेजातल्या एका मित्रानं हे केलं आणि पुढं वर्षभर तो आमच्याशी ४५० मेगाहर्ट्झमध्येच बोलत असे. ते ४५०, हे ४.५. मधली तेरा वर्षं मी वाट पाहत होतो म्हणा ना.

तर २०११ च्या डिसेंबरात एका शनिवारी रात्री बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी जागं होणाऱ्या सेटिंगमध्ये, ४५ लिहून एफ-टेन दाबलं. विंडोजचं चिन्ह आलं, आशा पालवली आणि स्क्रीन निळा झाला. कोड शून्य एक्स १०१. या घराण्याच्या प्रोसेसरवर १०१ आला की व्होल्टेज कमी पडतंय असं समजायचं, ही या धंद्यातली परंपरा. मला ते पटलंही. १०१ ही आहेराचीच रक्कम आहे. पाकीट रिकामं निघालं की पाहुणा रुसणारच. मी व्होल्टेज एक शतांश वाढवलं. पुन्हा १०१. आणखी एक शतांश. मग १२४ आला. १२४ चा अर्थ व्होल्टेज वाढवा असाही होतो, कमी करा असाही होतो. सल्ला विचारल्यावर मोठ्या मामांकडून हेच ऐकू येतं.

रविवारी पहाटे कॉम्प्युटरनं निळं व्हायचंही सोडून दिलं. पंखे फिरतात, स्क्रीन काळा. अशा वेळी मदरबोर्डवरची रुपयाएवढी बॅटरी काढायची, थोडं थांबायचं, परत बसवायची. बायोस सगळं विसरतो. सगळं म्हणजे सगळं, आजची तारीखसुद्धा. हे माझ्या लक्षात आलं नाही आणि त्याच सकाळी मी मेंटेनन्सची बिलं छापून घरोघर टाकली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दुपारी बिल घेऊन खाली आल्या. बिलावर तारीख होती १ जानेवारी २०११. "हे आम्ही भरलंय," त्या म्हणाल्या, "आणि त्याची पावती तुमच्याच सहीची आहे." संध्याकाळपर्यंत आणखी नऊ जण पावत्या घेऊन आले.

मग लक्षात आलं की मूळ अडचण उष्णतेची आहे. प्रोसेसरसोबत आलेला पंखा वाटीएवढा. पुढच्या शनिवारी दादरला गाडी बदलून ग्रँट रोड आणि तिथून चालत लॅमिंग्टन रोड. दुकानदारानं जो कूलर काढून दिला, तो पाहून मला आमच्या गच्चीवरचा मोबाइलचा टॉवर आठवला. तांब्याच्या नळ्या, ॲल्युमिनियमच्या पत्र्यांची चळत, १२० मिलिमीटरचा पंखा. परतीच्या कल्याण गाडीत ते खोकं मी डोक्यावर धरून उभा होतो. "मिक्सर का?" शेजारच्यानं विचारलं. मी हो म्हणालो. घाटकोपर ते ठाणे तो मला वाटणासाठी कुठला जार चांगला ते सांगत होता.

कूलरखाली उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावायची असते, वाटाण्याएवढी. वाटाणा हिरवा की सुका, भिजलेला की कोरडा, याचा खुलासा कुठंच नाही. मी हिरवा धरला. कूलर दाबल्यावर पेस्ट चारी बाजूंनी अशी बाहेर आली, की उकडीच्या मोदकाला चीर पडून सारण यावं. पुसलं, पुन्हा लावलं. या वेळी सुका, पांढरा. सगळं नीट बसलं आणि कळलं की आता कॅबिनेटचं झाकण लागत नाही. कूलर दोन बोटं उंच! तेव्हापासून आमचा कॉम्प्युटर उघडाच असतो. झाकण कुंड्यांखाली.

विंडोज चालू झालं. गाणी वाजली, एक्सेल उघडलं, ४.५ चा आकडा दिसला. पण याला 'स्टेबल' म्हणत नाहीत. त्यासाठी प्राइम९५ लावावं लागतं. १९९६ पासून जगभरातले हौशी लोक आपापल्या कॉम्प्युटरवर प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधताहेत, त्यांचं हे सॉफ्टवेअर. त्यात एक छळ-चाचणी आहे, नावच 'टॉर्चर टेस्ट'. गुणाकारांची उत्तरं पूर्णांकात यायला हवीत. कॉम्प्युटर ती अपूर्णांकांतून काढतो आणि जवळच्या पूर्णांकाला नेऊन टेकवतो. फरक ०.४ च्या आत असला तर ठीक. ०.५ झाला, तर वर टेकायचं की खाली, हे देवालाही सांगता येणार नाही. तिथं प्राइम९५ तो गुणाकार करणारा 'वर्कर' बंद करतं आणि लाल खूण दाखवतं. प्रोसेसरचे मेंदू, म्हणजे कोअर, चार; म्हणून वर्करही चार. मी रात्री साडेदहाला चाचणी लावून झोपलो. सकाळी पाहिलं तर तीन वर्कर राबताहेत, तिसरा १ वाजून ५२ मिनिटांनी थांबलेला. 'फेटल एरर: राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४.'

"कोण थांबलाय?" मागून बाबांचा आवाज.

"वर्कर तीन."

"संपावर?"

बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेले. कराड, चिपळूण, पेण अशी एकतीस वर्षं. आजवर माझ्या कॉम्प्युटरकडे त्यांनी फक्त वीज खाणारी वस्तू म्हणून पाहिलं होतं. पण वर्कर थांबला म्हटल्यावर खुर्ची ओढून बसले. मी राउंडिंगचं समजावलं.

"म्हणजे पन्नास पैशांचा घोळ," ते म्हणाले.

"तसंच काहीसं."

"पंचवीस पैसे सरकारनं जूनमध्ये बंद केले. आता पन्नासच सगळ्यांत खालचं नाणं. तेवढीही चूक चालत नाही म्हणतोस, चांगलं आहे."

मी व्होल्टेज दाखवलं. बायोसमध्ये १.३२ ठेवलंय, पण चाचणी लागली की १.२९ दिसतं, ही माझी तक्रार. बाबा हसले. "अरे, लोड आला की व्होल्टेज पडणारच. चिपळूणला गणपतीत मांडवाची रोषणाई लागली की आख्ख्या आळीचे बल्ब मिणमिणायचे. मग आम्ही ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलून व्होल्टेज वाढवायचो." बायोसमध्ये यासाठी लोडलाइन कॅलिब्रेशन नावाची वेगळी सोय आहे, हे समजायला मला दोन आठवडे लागले होते. बाबांना चहा संपेपर्यंत समजलं. मग लाइट बिलाच्या पाठीवर त्यांनी हिशेब मांडला. वीज व्होल्टेजच्या वर्गानं वाढते आणि वेगाच्या पटीत. १.२ चं १.३५ केलं, ३.३ चं ४.५ केलं, तर जवळजवळ पावणेदोनपट. "वेग छत्तीस टक्के जास्त, वीज त्र्याहत्तर टक्के. हा व्यवहार तू सोसायटीत करत नाहीस ना?"

तरी जानेवारीत एका थंड रात्री ते जमलं. ४.५, बारा तास, चारही वर्कर हजर. मी मोबाइलवर फोटो काढला. त्यात ट्यूबलाइटची चमक आणि बनियनमधला मी एवढंच आलं आहे, पण मला माहीत आहे मागं काय होतं. बायकोला बोलावून दाखवलं.

"आता फास्ट झाला?"

मी ऐटीत हिशेबाची फाइल उघडली. ती लगेच उघडली. पूर्वीही लगेच उघडायची. बायको काही बोलली नाही, आणि तेवढंच मला पुष्कळ लागलं.

मे महिना आला. डोंबिवलीचा मे. दुपारी कपाळावरचा घाम कीबोर्डवर पडत होता आणि थंडीत शहाण्यासारखे वागणारे वर्कर वीस मिनिटांत एकेक करून बसत होते. कोअरचं तापमान ८८. पंखा फुल, कॅबिनेट उघडं, शेजारी टेबल फॅन लावलेला. बायको म्हणाली, "तो फॅन माणसांसाठी आणलाय." मी हात टेकले. गुणक ३३ वर आणायला बायोस उघडलं.

"थांब," बाबा म्हणाले. त्यांच्या हातात वही होती. दोनशे पानी, लाल कव्हरची, वर ॐ. आत डिसेंबरपासूनच्या माझ्या सगळ्या चाचण्या: तारीख, गुणक, व्होल्टेज, कुठला वर्कर किती वाजता बसला, आणि शेवटच्या रकान्यात घराच्या मीटरचं रीडिंग. "तू नुसता वर चढवत बसलास. ४३ वर आण आणि व्होल्टेज कमी करत जा. किती कमीत चालतं ते बघू. उन्हाळ्यात ट्रान्सफॉर्मर असाच सांभाळतात."

"बाबा, जाऊ दे आता. हिशेबालाच तर वापरतो."

"तू झोप," ते म्हणाले. "एफ-टेन म्हणजे सेव्ह ना?"

रात्री २ वाजून ४० मिनिटांनी कोणीतरी माझा खांदा हलवत होतं. अंधारात चष्मा चमकला, पेन्सिल कानावर.

"अरे, ऊठ. तिसरा बसला. १.२४ ला. मी १.२५ टाकू?"