जपानला जाताय? मग एवढं कराच

जपानला पहिल्यांदाच जाताय ना? अभिनंदन. ज्या देशाच्या शिस्तीचे मेसेज तुम्ही वर्षानुवर्षं, रोज सकाळी, गुलाबाच्या फुलासकट आम्हाला पाठवलेत, तो देश आता डोळ्यांनी बघणार. मी नुकताच आपल्या सोलापूरच्या मंडळींबरोबर टूरने जाऊन आलोय, म्हणून चार युक्तीच्या गोष्टी सांगतो.

जाण्याआधी जपानबद्दल काहीही वाचू नका. मेसेज वाचलेत तेवढे पुरे.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्याच. त्यात वाईट काही नाही, मीही नेली होती. फक्त चटणीचा डबा उघडायला टोकियोची मेट्रो निवडा, तीसुद्धा ऑफिस सुटायच्या वेळची.

तिथं टिप घेत नाहीत. तरी वेटरच्या हातात नाणी कोंबा. ती परत द्यायला तो धावत रस्त्यापर्यंत आला की व्हिडिओ काढा.

सरकत्या जिन्यावर टोकियोत लोक डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे. तुम्ही दोन्हीकडे मधोमध उभे राहा.

आता शिंकान्सेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन. १९६४ पासून धावतेय ही गाडी, आणि आजवर घसरून किंवा टक्कर होऊन तिच्यात एकही प्रवासी दगावलेला नाही. फोनवर बोलायचं तर उठून दोन डब्यांच्या मधल्या जागेत जायचं, हे गाडीतच सांगतात. पण ते इतरांसाठी. तुम्ही आमच्या ग्रुपमधल्या काकांचा आदर्श ठेवा. टोकियो सुटलं तसा त्यांनी व्हिडिओ कॉल लावला, स्पीकरवर. तिथं साडेदहा, म्हणजे सोलापुरात सकाळचे सात.

"पाणी आलं का गं?"

"नाही ना, पप्पा."

"अगं, आज दिवस आहे की आपला!"

"लाईन फुटली म्हणतात."

मग लाईन कुठं फुटली, टाकीत किती उरलंय, शेजारच्यांनी मोटर लावली होती का, नगरसेवकाला फोन केला का, हे सगळं त्या डब्यातल्या जपानी माणसांना ऐकवून झालं. पुढच्या सीटवरच्या कोटवाल्या गृहस्थाने एकदा मागे बघितलं. बोलला काही नाही. लॅपटॉप मिटला, उठला आणि दाराबाहेर जाऊन उभा राहिला. स्वतःच्या पैशांनी रिझर्व्ह केलेली जागा सोडून उभा राहिला हो माणूस! काकांना वाटलं, त्याने आपल्यासाठी जागा केली. त्यांनी तिथं बॅग ठेवली.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "फुजी!" क्योटोकडे जाताना तो उजव्या हाताला दिसतो. झालं, डावीकडची सगळी मंडळी सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत पाळणा धरायला धावावं तशी उजवीकडे, बसलेल्यांच्या मांड्यांवरून. ३७७६ मीटरचा डोंगर आहे, कुठं पळून चालला होता? निम्मा ढगात होता म्हणून गाईडला झापलं ते वेगळंच. "एवढे लाख भरून ढग दाखवता?"

नारा शहरातल्या हरणांना घालायला खास बिस्किटं विकत मिळतात. तुम्ही मात्र वेफर द्या आणि पिशवी तिथंच टाका. २०१९ साली तिथं मेलेल्या हरणांच्या पोटात प्लास्टिकच सापडलं होतं, पण तुम्हाला काय त्याचं? रस्त्यात कचराकुंडी दिसत नाही ही जपानचीच चूक. लोक आपला कचरा आपल्या घरी नेतात म्हणे. वेडे आहेत.

आणि हिरोशिमा. ६ ऑगस्ट १९४५, सकाळी सव्वाआठ. तिथल्या संग्रहालयात एक गंजलेली तीनचाकी सायकल ठेवलीय. ती ज्याची होती, ते पोर चार वर्षांचंही नव्हतं. बापाने त्याला सायकलीसकट अंगणात पुरलं होतं. ती पुन्हा उकरून काढली १९८५ साली. तिच्यापुढे उभं राहून "सरका की जरा, आमचा ग्रुप फोटो राहिलाय!" हे ओरडलं कोण? कुणी परदेशी माणूस आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी, १२ जानेवारी १९३१ ला फासावर गेलेल्या माणसांपुढे, दात काढून असा फोटो काढत असता तर गचांडी धरली असती त्याची. आणि बरोबरच केलं असतं.

शेवटची युक्ती परत आल्यावरची. व्याख्यान द्या. विषय, 'जपानकडून काय शिकावे'. काकांनी परवाच्या रविवारी दिलं. पहिला मुद्दा होता सार्वजनिक ठिकाणची शांतता. स्लाइडवर त्याच डब्याचा फोटो. टाळ्या पडल्या, शाल-श्रीफळ झालं, आणि त्या श्रोत्यांमधल्या दोघांचे फोन व्याख्यानातच वाजले, घेतलेही गेले.

अहो, लाज कशी वाटत नाही? पन्नास वर्षं ज्यांचं कौतुक केलंत, त्यांच्या घरी जाऊन त्यांनाच छळून आलात. ती माणसं सभ्य म्हणून गप्प बसली, आणि आम्ही तुमच्याबरोबर होतो म्हणून मान खाली घालून बसलो. 'आपल्याकडे सिस्टीमच नाही' हे रडगाणं आता पुरे. इयरफोन लावायला कसली सिस्टीम लागते? वेफरची रिकामी पिशवी खिशात ठेवायला कुठल्या सरकारची परवानगी लागते? मुंबईच्या वंदे भारतमध्ये परवा पुण्यापर्यंत तुमचे रील ऐकत गेलो मी. यापुढे जपानचा एकही मेसेज मला पाठवायचा नाही. आधी तो स्पीकर बंद करा.