वेल्ह्याचं शेण, वायकाटोचं शेण

आमच्या आजोळी सध्या दोन पक्ष पडले आहेत आणि दोघांनाही साक्षीदार म्हणून मीच हवी आहे. निमित्त माझा मामेभाऊ. हिंजवडीतली नोकरी सोडून तो बायको-मुलांसह वेल्ह्याकडे राहायला गेला. दोन एकर जमीन, तीन गाई, चार-पाच शेळ्या, कोंबड्या आणि एक कुत्रा. कुत्रा रात्री घरात झोपतो, कारण आधीचा बिबट्याने नेला. पहिला पक्ष मामाचा: ‘इंजिनिअर होऊन शेवटी शेणच काढायचं होतं, तर आम्ही फिया कशाला भरल्या?’ दुसरा पक्ष तरुण भावंडांचा. त्यांच्या मते तो स्वर्गात राहतो आणि कोथरूडमध्ये राहणारे बाकीचे सगळे मूर्ख. मामाच्या पंचाहत्तरीला भर पंगतीत हा वाद पेटला आणि कुणीतरी मला फोन लावला. ‘तू सांग गं, तू तर तिकडे हेच करतेस ना?’

हो, हेच करते. न्यूझीलंडमधल्या वायकाटो भागात, हॅमिल्टनबाहेर चार एकरांच्या ब्लॉकवर आम्ही राहतो. एक दुभती गाय, तिची वासरं, मेंढ्या, कोंबड्या. शाळेच्या काफ क्लब डेला, म्हणजे मुलांनी पाळलेली वासरं मिरवायच्या दिवशी, धाकटीने वासरू दोरीने चालवत नेलं, तो फोटो मामाने सोसायटीतल्या प्रत्येक बाकावर फिरवला. ‘बघा, परदेशात राहून पोरांना कसं मातीत वाढवलंय!’ त्याच मामाने स्वतःच्या नातवाचा शेळीच्या करडाबरोबरचा फोटो पाहिला आणि विचारलं, ‘आज याला शाळा नव्हती का?’

माझी चिडचिड होते ती इथे. माझ्या मुलीच्या गमबुटांवर असतात ते संस्कार, त्याच्या मुलाच्या पायांवर असतं ते शेण.

मामाशी वाद घातला की त्याचं उत्तर तयार असतं. ‘तुझं वेगळं आहे गं. तुमच्याकडे सगळं यंत्रावर.’ कसलं यंत्र? इकडे फेब्रुवारी ते मे हा फेशियल एक्झिमा या गुरांच्या रोगाचा काळ. पाऊस पडून गेला आणि रात्री उबदार असल्या, की गवताच्या बुडाशी साचलेल्या पाचोळ्यावर बुरशी धरते. गुरं बुडापर्यंत चरली की तिचं विष पोटात जातं आणि यकृत बिघडतं. मग ऊन सोसत नाही. एका वर्षी आमच्या गाईच्या अंगावरचे पांढरे पट्टे तेवढे सोलवटले. काळी कातडी शाबूत, आणि पांढरी वाळल्या पापुद्र्यासारखी उचलून येत होती. कासेला हात लावू देईना. सावली म्हणून मॅक्रोकार्पाच्या झाडांच्या रांगेखाली बांधली, तर तिथेही ती तोंड झाडांकडे करून उभी. त्यावर औषध नाही. आधीच जस्त पोटात जायला हवं, म्हणजे बोटभर लांबीची गोळी, बोलस, नळीने थेट घशात सोडायची. ती नळी धरायला एक माणूस आणि मान धरायला दुसरा. आमच्याकडे ती दोन माणसं म्हणजे मी आणि नवरा, आणि आम्ही दोघंही दिवसा नोकरी करतो. ही झाली आमची यंत्रं.

मामेभावाची पहिली गाय आली ती 2022 साली, लम्पीच्या साथीच्या जरा आधी. साथ आली तेव्हा जनावरांचे बाजार बंद झाले होते. चाकणचा शनिवारचा बाजारही ओस. गाईच्या अंगभर गाठी, पाय सुजलेले, वैरणीला तोंड लावेना. शेळ्यांच्या देवीची लस तेव्हा गाईंना टोचत होते. ती मिळेपर्यंत भावजयीने हळद आणि कडुलिंबाचा लेप लावला, पेंड कालवून घास घास हाताने भरवला. गाय वाचली. कानात बारा आकडी पिवळा बिल्ला आहे, तिचं नाव सरकारदरबारी लागलं आहे. आमच्या गाईच्याही कानात टॅग आहे, आणि ती दुसऱ्या कुणाच्या कुरणावर जाते तेव्हा मला ऑनलाइन नोंद करावी लागते. मामाला यातलं काही ऐकायचं नसतं. तो दर रविवारी गाडी घेऊन वेल्ह्याला जातो, चार लिटर दूध आणि लोण्याचा डबा घेऊन परत येतो आणि सोमवारी मला सांगतो, दूध पातळ लागलं. पैसे विचारू नका. घरचंच ना!

तसं बघितलं तर मी शेजारणीला घरचं एक लिटर कच्चं दूधही विकू शकत नाही. त्यासाठी नोंदणी हवी, तपासण्या हव्यात, कोणी किती नेलं त्याची वही हवी. मामेभाऊ बाटल्या भरून कोथरूडला दूध पाठवतो. या बाबतीत तोच सुखी. पण हे मी पंगतीत बोलले नाही. माझ्या बाजूने बोलताना जे सोयीचं तेवढंच मी बोलते, हे आता सगळ्यांना माहीत आहे.

दुसऱ्या पक्षाचाही मला तितकाच वैताग येतो. हे लोक पावसाळ्यात वेल्ह्याला जातात. धबधबे, इंद्रायणीचा हिरवागार भात, राजगडावर ढग. फोटो काढून परत. मे महिन्यात कुणी जात नाही. पानशेत आणि वरसगाव दोन्ही धरणं त्या अंगाला, आणि मामेभावाच्या वाडीला मे महिन्यात टँकर. धरण उशाला, कोरड घशाला. ही म्हण पुण्यात बसून वापरणं सोपं आहे, कारण आपण नळाच्या टोकाला असतो. पुण्याला 12 जुलै 1961 ची तारीख पाठ आहे, पानशेत फुटलं तो दिवस, कुठल्या पेठेत पाणी किती चढलं ते सगळं. त्या धरणाच्या पाण्याखाली आधी कुणाची गावं गेली, ते आमच्या घरात मी कधी ऐकलं नाही. मुळशीचंही तसंच. 1921 साली सेनापती बापटांबरोबर मावळे टाटांच्या धरणासमोर आडवे झाले, हे शाळेत एका परिच्छेदात होतं. आता त्याच तलावाकाठी फार्महाऊसच्या जाहिराती असतात. ‘निसर्गाच्या कुशीत’ वगैरे.

आणि या सगळ्या कौतुकात ज्यांचं नाव कधीच निघत नाही, ते डोंगरावरचे गवळी धनगर. पिढ्यान् पिढ्या म्हशी राखून दूध, तूप खाली आणून विकणारी माणसं. त्यांच्या घरातून कुणी पुण्यात वॉचमन झाला तर मामा म्हणतो, ‘चला, मार्गी लागला.’ इंजिनिअरने तेच काम केलं की एका पक्षाला ते वेड वाटतं, दुसऱ्याला तपश्चर्या. मामेभावाला धार काढायला त्याच घरांतल्या एका बाईने शिकवलं. आधी वासराला पाजायचं, पान्हा सुटला की बाजूला घ्यायचं, अंगठा आत मुडपायचा नाही. तो मुडपायचा, आणि गाय लाथ मारायची.

दोन्ही पक्षांनी एकदाही न विचारलेला प्रश्न सांगते: गोऱ्ह्याचं काय करायचं? गाय दूध देते कारण ती विते, आणि निम्म्या वेळा गोऱ्हा होतो. कालवडच होईल अशा रेतमात्रा आता मिळतात, पण त्या दर वेळी लागू पडतात असं नाही. मामेभावाच्या संकरित गाईला गोऱ्हा झाला. त्याला वशिंड नाही, औताला उपयोग नाही, आणि दोन एकराला बैल हवाय कुणाला? महाराष्ट्रात 2015 पासून बैल, गोऱ्हे कापायलाही बंदी. 30 सप्टेंबर 2024 ला देशी गाय राज्यमाता झाली, गोशाळेतल्या देशी गाईमागे रोज पन्नास रुपये ठरले. याचा गोऱ्हा देशी नाही, गाय नाही आणि गोशाळेतही नाही. तो रोज वैरण खातो. कडब्याचा भाव मामाला माहीत नाही. श्रीखंड मात्र त्याला चक्क्याचंच लागतं.

इकडे तो प्रश्न सुटलेला आहे, असं मी ऐटीत म्हणू शकते. स्टॉक एजंटला, म्हणजे गुरांच्या दलालाला, फोन केला, ट्रक आला, गोऱ्हा वर्क्सला, म्हणजे कत्तलखान्यात, गेला. दुपारपर्यंत कुरण मोकळं. मुलांना सगळं माहीत होतं, त्यांच्या शाळेत यावर उघड बोलतात. माहीत नव्हतं ते फक्त माझ्या आईला. व्हिडिओ कॉलवर तिला तो ओळखू यायचा, कपाळावर चांद होता त्याच्या. ‘आज दिसत नाही गं तुझा नंदी?’ मी म्हटलं, मोठ्या कुरणावर पाठवला, इथे चारा कमी पडत होता. ती म्हणाली, बरं केलंस. धाकटी शेजारीच उभी होती, तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला येत असलेलं सगळं मराठी गिळून गप्प बसली. इथल्या शेजाऱ्यांसमोर मी व्यवहारी शेतकरीण असते आणि आईसमोर तिची गोठ्यात रमलेली लेक. मामाच्या दुटप्पीपणावर मी इतकं लिहिते आहे, तेव्हा हेही लिहायला हवं.

मामेभावाची जमीन त्याच्या नावावर नाही, भावजयीच्या नावावर आहे. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं, आणि आमचं आजोळ तीन पिढ्यांचं नोकरदार. भावजय फलटणकडची. वडील गेल्यावर तिचं नाव सातबाऱ्यावर लागलं, म्हणून ती कायद्याने शेतकरी. कोथरूडच्या ज्या घरात ‘आमच्या सुनेला गावाकडचं वळण’ असं कुजबुजलं जायचं, त्या घरातल्या मुलाची शेतीची हौस त्या गावाकडच्या सुनेच्या जिवावर चालली आहे. मामीने हे मान्य केलंय. मामाने नाही.

माझ्या बाबांची भोरकडे जमीन होती. ती विकून सहकारनगरचा फ्लॅट झाला, त्यातून माझं शिक्षण, त्यातून हे तिकीट. आता माझ्याकडे न्यूझीलंडचा काळा पासपोर्ट आहे. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांच्या ओसीआय कार्डावर मी पुण्यात फ्लॅट घेऊ शकते, शेतजमीन किंवा फार्महाऊस नाही. वारसाने आली तरच. आणि वारसा बाबांनीच विकला.

‘आमच्याकडे कुणी तुझे आजोबा कोण असं विचारत नाही,’ असं मी भारतात आल्यावर अभिमानाने सांगायचे. पैसे भरले, वकिलाने कागद केले, चार एकर आमचे. मग मोठ्याच्या शाळेच्या प्रकल्पासाठी आमच्या भागाचा जुना नकाशा पाहिला. वायकाटोची ही जमीन 1860 च्या दशकात, युद्धानंतर, माओरींकडून जप्त करून सैनिकांना आणि वसाहतवाल्यांना वाटलेली. 1995 साली त्याबद्दल राजसत्तेने कायद्यात लिहून माफी मागितली. इथे आजोबा कोण हे विचारत नाहीत, कारण तो प्रश्न बंदुकीने आधीच निकालात काढला गेला होता. रेट्सचं, म्हणजे जमिनीच्या कराचं, बिल मात्र दर वर्षी माझ्या नावाने येतं. आमच्या पंगतीतल्या वादात ही गोष्ट कुणाच्याच उपयोगाची नाही, म्हणून मी ती फक्त मामेभावाला सांगितली. तो म्हणाला, ‘म्हणजे ताई, तू पण धरणाच्या काठावरच.’

त्याने मला पंगतीनंतर स्वतःहून फोन केला होता. माझी बाजू घेऊ नकोस, म्हणाला. तुझं नाव निघालं की बाबांना नवा मुद्दा मिळतो: तिच्याकडे डॉलर आहेत, तुझ्याकडे काय आहे? त्यापेक्षा डिसेंबरात येताना विजेच्या कुंपणाचं झटका मशीन आण. हॅमिल्टन म्हणजे ही मशिनं बनवणाऱ्या गॅलाघर कंपनीचं गाव, तिथे चांगलं मिळत असेल. शेळ्यांभोवतीची तार रानडुकरांनी दोनदा पाडली आहे.

आणते म्हटलं. इथे आमच्या घरी मशीनबद्दल सगळ्यात जास्त मलाच कळतं, तेव्हा उत्साहाने सांगत सुटले: तार कितीही चांगली घे, जीव अर्थिंगमध्ये असतो. सळ्या खोल ठोक, आणि ओल टिकते अशा जागी ठोक. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की झटकाच बसत नाही, तेव्हा सळ्यांच्या बुडाशी पाणी ओतत जा.

‘मोरीच्या सांडपाण्यावर ठोकल्यात,’ तो म्हणाला. ‘धनगराच्या पोराने मागच्याच वर्षी सांगितलं.’