‘शहरात वेधशाळा कशाला?’ – धुळ्यातून पाच मुद्द्यांना उत्तर

गेले काही दिवस आमच्या धुळ्यातल्या निम्म्या ग्रुपांवर एकच मजकूर फिरतोय. कॉलनीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आला, काल तर मावशीच्या भिशीच्या ग्रुपवरूनही माझ्याकडे आला. मथळा असा: ‘शहरात वेधशाळा म्हणजे जनतेच्या पैशाची होळी’. खाली पाच मुद्दे. शहरातून तारे दिसत नाहीत. जे बघायचं ते मोबाईलवर दिसतं. अशा ठिकाणी संशोधन होत नाही, नुसती जत्रा भरते. आपल्या पूर्वजांनी दुर्बिणीशिवाय सगळं लिहून ठेवलंय. आणि बांधलीच तरी ती धूळ खात पडणार.

मी बरीच वर्षं एक सहा इंची (म्हणजे तोंडाचा व्यास सहा इंच) दुर्बीण रिक्षात घालून शाळांच्या मैदानांवर नेतो, त्यामुळे मला हा मजकूर झोंबला हे उघड आहे. पण पाचवा मुद्दा मला अर्धा पटतो, म्हणून तो शेवटी घेतो.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. एका काकांनी खाली लिहिलं, ‘आहे ती वेधशाळा पावसाचं नीट सांगत नाही, आणखी एक कशाला?’ काकांची चूक नाही. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ मध्ये बांधली ती आकाशाचे वेध घ्यायला आणि जहाजांना अचूक वेळ द्यायला. हवामानाचं काम तिच्याकडे नंतर आलं आणि मराठीत तो शब्द पावसालाच चिकटला. इथे बोलतोय ती ताऱ्यांची वेधशाळा, संध्याकाळी कुणालाही आत जाता येईल अशी.

पहिला मुद्दा, उजेडाचा. खरं आहे, आकाशगंगा आता धुळ्यातून दिसत नाही. आमच्या लहानपणी गच्चीवर गोधडी टाकली की दिसायची. पण शहराचा उजेड बुडवतो ते अंधूक तारे आणि धूसर पट्टे. चंद्राला, गुरूला, शनीला हायवेच्या दिव्यांनी काही फरक पडत नाही. सप्तमी-अष्टमीच्या चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेजवळ विवरांच्या सावल्या लांब पडतात, तेव्हा तो जसा खडबडीत दिसतो तसा पौर्णिमेलाही दिसत नाही. गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेले गुरूचे चार चंद्र आमच्या धुळ्याच्या देवपुरातल्या गच्चीवरूनही दिसतात. आणि सूर्य तर भरदुपारी. २५ मेच्या आसपास धुळ्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. साडेबाराच्या जरा अलीकडे सरळ उभ्या केलेल्या नळीची सावली तिच्याच बुडाशी गडप होते. (जुलैमध्ये हा योग पुन्हा येतो, पण तेव्हा सूर्यच ढगात असतो.)

‘दुर्बीण डोंगरावरच हवी’ हे संशोधनाच्या दुर्बिणीबद्दल बरोबर आहे. म्हणूनच भारताची दोन मीटरची दुर्बीण लडाखमध्ये हानलेला, साडेचार हजार मीटरवर आहे. सातपुड्यातल्या तोरणमाळचं आभाळ मलाही आवडतं. पण देवपुरातल्या सातवीच्या मुलीला रात्री नऊ वाजता तोरणमाळला कोण नेणार? तारे डोंगरावर चांगले दिसतात, माणसं मात्र शहरात राहतात.

दुसरा मुद्दा मोबाईलचा. २०२५ च्या हिवाळ्यात शनीची कडी आपल्याला जवळजवळ कडेनं दिसत होती, म्हणजे ताटली डोळ्यासमोर आडवी धरावी तशी. एका मैदानावर मुलांची रांग लागली होती. पहिल्याच मुलाने डोळा लावला आणि तोंड वाकडं केलं. ‘ॲपमध्ये तर मोठ्ठी कडी आहे. हे तर मण्यात सुई घातल्यासारखं दिसतंय.’ त्याच्या डब्याचं झाकण घेऊन तिरकं-आडवं करून दाखवलं तेव्हा त्याला पटलं. त्याच रांगेत बाजारातून घरी निघालेले एक बाबा उभे होते. टोपी, खांद्यावर रुमाल. त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग मला अहिराणीत विचारलं, ‘आतमां चित्र चिटकाडेल शे का भो?’ मी म्हटलं, तुम्हीच बघा. त्यांनी डोळा तसाच ठेवून रुमाल दुर्बिणीच्या तोंडावर धरला. ‘गया!’ रुमाल काढला. ‘ऊना!’ असं तीनदा केलं. मागची मुलं खिदळत होती, पण त्या रात्री शास्त्रीय पद्धतीने तपासणी करणारा माणूस तो एकच होता.

नासाच्या फोटोवर रुमाल धरून बघता येत नाही. ते फोटो खोटे नाहीत, पण कित्येक मिनिटं, कधी तास प्रकाश साठवून ते तयार होतात, आणि रंग बऱ्याचदा माहितीसाठी भरलेले असतात. मृगातला तेजोमेघ माझ्या दुर्बिणीतून राखाडी दिसतो. हे सांगायला दुर्बिणीशेजारी माणूस लागतो. ॲप दिशा दाखवतं, तेही होकायंत्र बिघडलेलं नसेल तर. ‘मग असं का?’ या प्रश्नाला ते थांबत नाही.

तिसरा मुद्दा, ‘संशोधन नाही, जत्रा’. हो, जत्राच. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या झगमगाटात, डोंगरउतारावर ग्रिफिथ वेधशाळा आहे. १४ मे १९३५ ला उघडली. तिथली झाइस या जर्मन कंपनीची बारा इंची दुर्बीण संशोधनासाठी बसवलेलीच नाही, ती रस्त्यावरच्या माणसासाठी आहे, आणि वेधशाळेत जायला तिकीट नाही. १९९४ च्या जानेवारीत पहाटे भूकंपाने शहराची वीज गेली, तेव्हा घाबरलेल्या लोकांनी तिथे फोन केले की आभाळात हे विचित्र काय दिसतंय. तिथले लोक सांगतात की विचित्र काही नव्हतं, शहराने पहिल्यांदा नीट तारे पाहिले होते.

मला त्यातला फोन महत्त्वाचा वाटतो. २००३ पासून दर ऑगस्टमध्ये ‘२७ तारखेला मंगळ चंद्राएवढा दिसणार’ हा निरोप आपल्याकडेही फिरतो. तो खरा आहे का, हे धुळ्यात कुणाला विचारायचं? २२ जुलै २००९ ला खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा सुरतेकडून आपल्या नंदुरबार जिल्ह्यावरून पुढे इंदूर-भोपाळकडे गेला. आभाळ पावसाळी होतं हे खरं, पण माझ्या ओळखीतली बरीच माणसं दारं लावून आत बसली होती. २ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडे खंडग्रास आहे. ढग असतीलही. चष्मा कुठला वापरायचा, एक्स-रेची फिल्म का चालत नाही, हे सांगणारं एक ठिकाण शहरात असलं तर बिघडलं कुठे?

चौथा मुद्दा वाचून मात्र मला बरंच वाटलं, कारण पूर्वजांचं नाव काढलंच आहे तर चला पाटण्याला. चाळीसगावपासून थोड्याच अंतरावर, पाटणादेवीच्या डोंगराच्या कुशीत. बाराव्या शतकातले गणिती आणि ज्योतिर्विद भास्कराचार्य यांचं जन्मगाव कुठलं यावर विद्वान भांडतात, पण तिथल्या शिलालेखावर भांडण नाही. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ मध्ये उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, त्याने तिथे मठ काढला. कशासाठी? आजोबांचे ग्रंथ, मुख्यतः गणित-ज्योतिषाचा सिद्धान्तशिरोमणी, शिकवण्यासाठी. शके ११२८ च्या, म्हणजे तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या, श्रावण पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी, निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला देणगी लावून दिली.

ती देणगी कशी होती ते बघा. लेखाचा हा भाग जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात माल विकला जाईल त्यावर ग्राहकाकडून राजाला जो कर मिळायचा, तो ‘मढा दीन्हला’, म्हणजे मठाला दिला. आणि जितके तेलाचे घाणे, त्या प्रत्येकामागे पळी पळी तेल. म्हणजे खानदेशातल्या तेल्याच्या घाण्यातून आणि बाजारकरातून ज्योतिर्गणित शिकवलं जात होतं. तेव्हाही कुणीतरी पारावर बसून ‘जनतेच्या पैशाची होळी’ म्हटलं असेल, फक्त त्याच्याकडे ग्रुप नव्हता.

आणि ‘दुर्बिणीशिवाय सगळं’, म्हणजे यंत्राशिवाय? सिद्धान्तशिरोमणीत यंत्राध्याय नावाचं आख्खं प्रकरण आहे. शंकू (सावली मोजायची उभी काठी), घटी (पाण्याचं घड्याळ), चक्र (अंश कोरलेलं वर्तुळ) अशी वेधाची यंत्रं त्यात वर्णन केली आहेत. बुद्धी हे सगळ्यांत श्रेष्ठ यंत्र असं भास्कराचार्य म्हणतात खरं, पण तिथेही हातात काठी धरून वेध घ्यायला लावतात. दुर्बीण तेव्हा नव्हती, म्हणून नाही वापरली.

राहिला पाचवा मुद्दा, धूळ. एका शाळेत देणगीची चांगली दुर्बीण आली होती. फुटेल म्हणून कपाटात ठेवली. तीन वर्षांनी मी कपाट उघडायला लावलं तेव्हा आरशावर बुरशी होती आणि नेत्रिका, म्हणजे डोळा लावायची भिंगं, सापडल्याच नाहीत. त्यामुळे कोट्यवधींचा घुमट आधी आणि माणूस नंतर, असा प्रस्ताव आला तर मीही विरोधात बसेन. पावसाळ्याचे चार महिने दुर्बीण बंदच राहणार, हेही हिशेबात धरा.

मोटारसायकलच्या किमतीत आठ इंची दुर्बीण येते. शहराच्या मध्यावर, जिना नीट असलेली एक गच्ची, दर शनिवारी संध्याकाळी सात ते नऊ, दोन माणसं ठरलेल्या मानधनावर. एवढ्यावर सुरू करता येतं. फक्त त्या गच्चीच्या कुलपाची किल्ली कोणाकडे राहील आणि तो माणूस सुट्टीवर गेला की कोणाकडे, हे पहिल्याच बैठकीत लिहून घ्या.