ब्रेकची हवा, शेपटीवरचा नंबर आणि ‘पोरखेळ’

काका,

(तुम्ही नाव लिहिलेलं नाही, ‘मिगच्या पोटाखाली नोकरी काढलेला एक’ एवढीच सही आहे. म्हणून काका म्हणतोय, राग नसावा.)

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि लगेच उत्तर खरडलं. सकाळी पुसून टाकलं. तोंड जरा जास्तच सुटलं होतं.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी आमच्या ऑनलाइन स्क्वाड्रनबद्दल लिहिलं होतं. आम्ही अकरा जण, पुण्यापासून मस्कतपर्यंत पांगलेले, शनिवारी रात्री डीसीएस या कॉम्प्युटरवरच्या विमान उडवायच्या गेममध्ये मिग-२१ बिस हे लढाऊ विमान उडवतो. काकांचं म्हणणं असं, की खुर्चीत बसून चहा पीत खोटी विमानं पाडायची आणि वर ‘स्क्वाड्रन’, ‘ब्रीफिंग’ असे शब्द वापरायचे हा पोरखेळ आहे. ज्यांनी हे खरोखर केलं त्यांची ती थट्टा आहे. फोटोतल्या विमानाच्या शेपटीवर जो नंबर होता त्याबद्दलही त्यांनी मला धारेवर धरलंय. आणि जाता जाता माझी एक चूक दाखवलीय.

चुकीपासून सुरुवात करतो, कारण तिथे वादच नाही. टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवरून विमान चालवत नेताना, माझं विमान वळायचं सोडून गवतात जातं, हा गेमचा दोष आहे, असं मी लिहिलं होतं. तुम्ही लिहिलंत, ‘दोष विमानाचा नाही, चालवणाऱ्याचा. मिगचे ब्रेक हवेवर. सारखे दाबत बसाल तर हवा संपणारच.’ त्याच रात्री बसून बघितलं. पुढचं चाक मोकळं फिरतं, त्यामुळे वळायला स्टिकवरची ब्रेकची पट्टी दाबायची आणि पायाने पेडल द्यायचं, हे मला ठाऊक होतं. पण मी सरळ जातानाही ती पट्टी दाबूनच ठेवत होतो, वेग आवरायला. थ्रॉटल कमी करायचं सुचायचं नाही. हवेच्या दाबाचा काटा खाली सरकताना पहिल्यांदाच नीट पाहिला. दोन वर्षं मी गेमला शिव्या देत होतो, काका. लेखात दुरुस्ती केलीय.

पण आता तुम्हीच बघा. खऱ्या विमानाच्या ओळखीवर तुम्ही सांगितलेलं कारण माझ्या खोट्या विमानाला जसंच्या तसं लागू पडलं. ज्या खेळात ब्रेकची हवासुद्धा मोजून दिलेली असते, त्यातला सगळा वेळ गोळ्या झाडण्यात जात नाही, एवढं तरी तुम्ही मान्य कराल. उतरवणं घ्या. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, पूर्ण टाकले की इंजिनातली हवा त्यांच्यावरून फुंकली जाते आणि विमान हळू वेगातही तरंगतं. हळू म्हणजे तरी ताशी तीनशे किलोमीटरच्या वरच. धावपट्टी समोर दिसली म्हणून हायसं वाटून थ्रॉटल मागे ओढलं, की फुंकर बंद आणि विमान दगडासारखं खाली. पहिले दोन महिने मी शत्रूच्या हातून जेवढा मेलो नाही तेवढा माझ्या त्या हायसं वाटण्यामुळे मेलो.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला, त्या रात्री आम्ही सात जण शस्त्रांशिवाय गेममधल्या बटुमीच्या विमानतळावरून उडालो. एक टोक समुद्राकडे असलेली धावपट्टी, छान संध्याकाळची वेळ लावलेली. नीट उतरले तिघे. तुम्ही हसणार हे माहीत असूनही सांगतोय.

आता ‘स्क्वाड्रन’ या शब्दाकडे येतो, कारण तुमचा खरा राग तिथे आहे. विंग कमांडर, ग्रुप कॅप्टन अशी पदं एकमेकांना वाटून घेणारे गट आहेत. ते मलाही खटकतं, आम्ही ते करत नाही. आमच्यात जोडीतला पुढचा आणि मागचा, एवढंच. पण हा ‘मागचा’ काय करतो ते मागच्या लेखात मी दोन ओळींत उरकलं होतं. तिथेच माझं चुकलं. हिरोगिरीच जास्त लिहिली गेली.

मागच्याचं काम बघण्याचं. शत्रू दिसला तर ‘टॅली’, आपला सोबती दिसतोय तर ‘व्हिज्युअल’, आणि तो नजरेआड झाला तर ‘ब्लाइंड’. सुरुवातीला आम्ही मराठीतच ओरडायचो, ‘अरे तो बघ, तो तिकडे, तुझ्या मागे रे!’ अकरा जणांतला कोण, तिकडे म्हणजे कुठे, देव जाणे. ‘दोन वाजता, खाली’ असं बोलायला जीभ वळायला वेळ लागला. पण सगळ्यात अवघड शब्द ‘ब्लाइंड’. तो म्हणायची लाज वाटते. आमच्यात आलेल्या एका नव्या मुलाला मी ढगात दिसेनासा झालो आणि तो मिनिटभर गप्प राहिला, सापडेन आपोआप या आशेवर. तो माझी पाठ बघतोय असं समजून मी वळलो. दोघेही गेलो. नंतर टॅकव्ह्यूवर (उड्डाणाची नोंद पुन्हा दाखवणारं सॉफ्टवेअर) सगळं उड्डाण पुन्हा लावून बघितलं तेव्हा त्याच्या विमानाची रेघ माझ्यापासून लांब लांब जाताना दिसली आणि तो म्हणाला, ‘दादा, मला तेव्हाच सांगायला हवं होतं.’ आता तोच मुलगा दोन सेकंदांत ‘ब्लाइंड’ म्हणतो. आम्ही ‘ब्रीफिंग’ आणि ‘डीब्रीफिंग’ म्हणतो ते ह्याला. दुसरा शब्द असेल तर सुचवा, खरंच वापरेन.

हे काही आमचं डोकं नाही. जर्मन वैमानिक स्पेनच्या यादवी युद्धात दोन-दोनच्या जोड्या करून ऐसपैस अंतराने उडायला शिकले. १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटिश मात्र तिघा-तिघांच्या घट्ट त्रिकोणात उडत होते. बाजूच्या दोघांचे डोळे म्होरक्याच्या पंखावरच खिळलेले, आकाश बघणार कोण? शेवटी त्यांनीही तो त्रिकोण सोडला. आम्ही आधी त्रिकोणच करायचो, फोटोत देखणा दिसतो म्हणून. एकाच रात्री दोन वेळा एकमेकांवर आपटलो तेव्हा अक्कल आली. आपटण्यात तशी आम्हाला मोठी संगत आहे. १९१६ मध्ये हवाई लढाईचे नियम लिहून देणारा ओस्वाल्ड बोल्के त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला आपल्याच तुकडीतल्या विमानाला घासून पडला. तो मेला, आम्ही मात्र एक बटण दाबून पुन्हा धावपट्टीवर.

आणि इथे मात्र तुमचं बरोबर आहे, काका. त्या बटणाबद्दल.

भीती नाही, मरण नाही, हे सगळेच म्हणतात आणि ते उघडच आहे. त्यावर वाद घालणारा मूर्ख. पण तुमच्या प्रतिक्रियेतलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. ‘तुमच्या लेखात पायलट अकरा आहेत, विमानाला हात लावणारा एकही नाही.’ मी लेख पुन्हा वाचला. खरंच नाही. आमच्याकडे इंधन आणि क्षेपणास्त्रं रेडिओच्या मेनूतून मागवायची, कॅनपी, म्हणजे डोक्यावरची काच, उघडायची, थोडं थांबायचं. पंख फाटलेला असला तरी तीन मिनिटांत विमान नवं कोरं. मी तेवढ्यात पाणी पिऊन येतो. त्या तीन मिनिटांत जी माणसं असायला हवीत, उन्हात तापलेल्या पत्र्याला हात लावणारी, पॅनेल उघडणारी, सही करणारी, ती कुणी बनवलेलीच नाहीत. आमचा खेळ खोटा कुठे आहे असं कुणी विचारलं, तर आता मी हवेतली लढाई सांगणार नाही, ही तीन मिनिटं सांगेन.

मला हे आधीच कळायला हवं होतं. मी नाशिकचा. ओझरला एचएएलने (हिंदुस्थान एरोनॉटिक्स) १९६४ पासून मिगचा कारखाना उभा केला. शाळेत माझ्या बाकावर बसणाऱ्या मित्राचे वडील तिथेच होते. आम्ही त्यांना एकच प्रश्न विचारायचो, ‘तुम्ही कधी उडवलंय का?’ ते नाही म्हणाले की आमचा रस संपायचा. ते दिवसभर काय करतात हे एकदाही विचारलं नाही.

शेपटीवरच्या नंबराचं सांगतो. आमच्यातला एक जण चित्रं छान काढतो. त्याने भारतीय रंगसंगती केली आणि ‘सी’पुढे चार आकडे घातले, दिसायला खरं वाटावं म्हणून. कुठल्याशा जुन्या फोटोत पाहिलेले. तुम्ही विचारलंत, ‘त्या नंबरच्या विमानाचं पुढे काय झालं माहीत आहे का?’ नव्हतं माहीत. तुम्ही ते पुढे लिहिलं नाहीत आणि मीही शोधत बसलो नाही. शनिवारी सगळ्यांशी बोललो. एकाचं मत होतं की नंबर ठेवणं हाच मान आहे. बाकीच्यांना ते पटलं नाही, मलाही नाही. नंबर पुसलाय. आता शेपटी कोरी आहे आणि लेखातला फोटोही बदललाय.

पैशांबद्दल तुम्ही ‘लाखांची उधळपट्टी’ म्हटलंय, तेवढं मात्र मागे घ्या. गेम फुकट उतरवून घेता येतो, कॉकेशसचा नकाशा आणि दोन विमानं त्यातच मिळतात. मिग विकत घ्यावं लागलं, तेही मी सवलतीत घेतलं. जॉयस्टिक जुन्या बाजारातली. मान वळवली की पडद्यावरची नजरही वळावी म्हणून लोक महागडं यंत्र घेतात. मी टोपीला तीन एलईडी आणि समोर जुना कॅमेरा लावलाय. बायको म्हणते, सत्यनारायणाच्या मखरासारखा दिसतोस.

राहता राहिला एक प्रश्न. गेममध्ये उतरल्यावर वेग आवरायला शेपटीची छत्री उघडते, मी एक कळ दाबून ती सोडून देतो आणि ती नाहीशी होते. तुमच्याकडे ती धावपट्टीवरून उचलून कोण आणायचं? ओली असली तर वाळवायची कशी, आणि परत घडी घालून कोंबायला किती जण लागायचे? हे लिहून पाठवलंत तर पुढचा लेख त्यावरच करतो, तुमच्या नावाने किंवा नावाशिवाय, तुम्ही म्हणाल तसं.