मावशींचा हात आणि बावीसशे तास

आई सांगलीत सगळ्यांना सांगते, मुलगी कॅनडात फिजिओथेरपी शिकते. मी तिला दोनदा दुरुस्त केलं. तिसऱ्यांदा ती वैतागली. "मग भिशीत काय सांगू? एवढी कॅनडाला गेली आणि तिथं मालीश शिकते?"

२०२५ च्या सप्टेंबरात तिचा सकाळी सकाळी फोन आला. आवाज पडलेला. "अगं, तुम्हा लोकांना आता डॉक्टर लावता येणार नाही म्हणे." केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ९ तारखेला पत्र काढलं होतं की फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी 'डॉ.' लावू नये, रुग्णांची दिशाभूल होते. त्याच वर्षी आलेल्या नव्या अभ्यासक्रमात मात्र पुढे 'डॉ.' आणि मागे 'पीटी' लावायची मुभा दिलेली होती. दुसऱ्या दिवशी महासंचालनालयाने आपलं पत्र मागे घेतलं. डॉक्टर एका दिवसात गेला आणि एका दिवसात परत आला, आणि मी फिजिओ नसतानाही आईच्या जिवात जीव आला.

मी टोरांटोजवळ ब्रॅम्प्टनला राहते. पुण्यात एका बँकेच्या बॅक ऑफिसात नऊ वर्षं काढली, इथं येऊन आधी गोदामात, मग कॉल सेंटरवर. बेचाळिसाव्या वर्षी मसाज थेरपीच्या डिप्लोमाला नाव घातलं. सोळा महिने झाले, अजून आठ बाकी आहेत.

आमच्या ऑन्टारिओ प्रांतात हा धंदा १९१९ पासून कायद्याखाली आहे. आज लागू आहे तो १९९१ चा कायदा, आणि नर्स, दंतवैद्य, फिजिओ यांच्यासारखंच आमचंही नियामक मंडळ आहे, कॉलेज ऑफ मसाज थेरपिस्ट्स ऑफ ऑन्टारिओ. (इथं 'कॉलेज' म्हणजे शिकवणारं नव्हे, वठणीवर आणणारं. शिकवणारं वेगळं आणि त्याची फी वेगळी.) शिक्षण साधारण बावीसशे तासांचं. शरीररचना, स्नायूंची लॅटिन नावं, कुठला स्नायू कुठल्या हाडावर सुरू होतो आणि कुठं संपतो, आजार, कायदा, नोंदी कशा ठेवायच्या, आणि कॉलेजच्या दवाखान्यात खऱ्या माणसांवर देखरेखीखाली काम. मग परीक्षा, पोलिसांचा दाखला, व्यवसायाचा विमा. हे सगळं झालं की 'रजिस्टर्ड मसाज थेरपिस्ट', आरएमटी. नवरा पश्चिमेकडच्या अल्बर्टा प्रांतातल्या नोकरीच्या जाहिराती अधूनमधून दाखवतो. तिथं प्रांताच्या कायद्यानं यातलं काहीच बंधनकारक नाही.

या कायद्यातली एक गंमत मला बऱ्याच उशिरा कळली. ऑन्टारिओत मालीश करायला कुणालाही बंदी नाही. बंदी आहे ती स्वतःला मसाज थेरपिस्ट म्हणवून घ्यायला. कृती मोकळी, नाव बांधलेलं. आपल्याकडे 'डॉ.'वरून भांडण पेटलं तेव्हा मला हे फार आठवलं, कारण नावाची हौस या धंद्याला जुनीच आहे. पाटण्याचा साके दीन महोमेद दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात ब्रायटनला चंपीचं दुकान काढून बसला, तर पाटीवर 'शॅम्पूइंग सर्जन'! चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम, दोन राजांची सेवा त्यानं केली. आपली चांपी तिकडे शॅम्पू झाली आणि पुढं बाटलीत गेली.

पण नाव बांधण्यामागचा हेतू आपल्या वादात कुणी बोलताना दिसला नाही. टीव्हीवर एक पक्ष म्हणत होता, आम्हीही साडेचार-पाच वर्षं शिकतो. दुसरा म्हणत होता, एमबीबीएस ते एमबीबीएसच. टेबलावर पडलेल्या माणसाला या नावामुळे काय मिळणार, हा प्रश्न कुणी काढला नाही. इथं त्याला जे मिळतं ते साधं आहे. मंडळाच्या सार्वजनिक नोंदवहीत माझं नाव टाकलं की माझी नोंदणी चालू आहे का, माझ्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, हे कुणालाही घरबसल्या दिसेल. नावाच्या मागे एक पत्ता आहे, जिथं तक्रार करता येते.

या नोंदवहीत जायच्या आधी मी एका प्रॅक्टिकलमध्ये शून्य मिळवलं आहे. केस होती खुब्यात दुखण्याची. वर्गातली मुलगी पेशंट होऊन टेबलावर पालथी. मी रीतसर प्रश्न विचारले, हालचाली तपासल्या, चादर दुमडून कंबरेत खोचली, तळहातावर तेल घेतलं आणि दुखऱ्या जागी हात ठेवला. परीक्षक बाईंनी घड्याळ थांबवलं.

"काय धरलंस?"

"ग्लुटियस मिडियस." म्हणजे नितंबातला एक स्नायू.

"कुणाला विचारून?"

मी म्हटलं, तिनंच सांगितलं ना तिथं दुखतं म्हणून. त्या म्हणाल्या, "दुखतं म्हणाली. हात लाव म्हणाली नाही." नितंब, मांडीचा आतला वरचा भाग, छातीचे स्नायू, स्तन, इथं काम करायचं तर आधी का करायचं ते समजावून लेखी संमती घ्यायची, आणि कुठल्याही क्षणी थांबवता येईल हे सांगायचं. हात माझा बरा पडला होता, जागाही बरोबर होती. गुण शून्य.

घरी येताना बसमध्ये मला आमच्या मालीशवाल्या मावशी आठवल्या. २०११ साली माझं पहिलं बाळंतपण मिरजेत झालं. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, पण बाळंतिणीच्या अंगाला तेल लावायला दवाखान्यातलं कुणी येत नाही. मावशी सकाळी साडेसातला यायच्या. तिळाचं तेल कोमट करून पाठीवर ओतायच्या आणि दोन्ही अंगठे कण्याच्या बाजूनं कंबरेपासून मानेपर्यंत असे आणायच्या की मी आज वर्गात तीच गोष्ट करते तेव्हा मला ती नक्कल वाटते. मग पाटावर बसून पाय लांब करायचे, नडग्यांवर बाळ पालथं घालायचं, डाळीच्या पिठानं चोळायचं, तांब्यानं पाणी. मग शेगडीवर ओवा आणि शेपा, धुरी, पोट घट्ट बांधणं. विचारणं वगैरे काही नाही. "उताणी हो," म्हणायच्या आणि मी उताणी. लाज वाटली तर, "बाळंतिणीला कसली लाज?"

दिवसाला शंभर रुपये, सव्वा महिना झाला की साडी आणि नारळ. काम संपलं की मागच्या दाराच्या कट्ट्यावर चहा, वेगळ्या कपात. तो कप फडताळात खालच्या कप्प्यात पालथा असायचा. मी आंघोळ करून गाढ झोपायची आणि कधीच काही बोलले नाही. आईला भिशीत जो शब्द उच्चारवत नाही त्याच्या मागे तो कप आहे, असं मला आता वाटतं. दुसऱ्याच्या अंगाला हात लावून पोट भरणाऱ्यांना आपण काय मानत आलो, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

म्हणून मला आपल्याकडचा दुसरा वाद बघवत नाही. 'मसाज सेंटरवर छापा, इतक्या तरुणींची सुटका', ही बातमी पुण्या-मुंबईच्या पेपरात इतक्या वेळा छापून येते की फक्त आकडा बदलत असावा. खाली प्रतिक्रिया दोनच प्रकारच्या: हे सगळे अड्डे बंद करा, नाहीतर जीभ काढणारे चेहरे. २०२१ मध्ये दिल्लीत नियम आला की पुरुषाला स्त्रीनं आणि स्त्रीला पुरुषानं मसाज करायचा नाही. त्याच डिसेंबरात उच्च न्यायालयानं त्या बंदीला स्थगिती दिली. टोरांटोतही मसाजच्या नावाखाली बरंच काही चालतं, महापालिका तसल्या जागांना वेगळा परवाना देते, आणि आरएमटी मुलींनाही फोनवर घाणेरडे प्रश्न येतात. आमच्या वर्गात त्यावर अख्खा तास झाला. फोनवर काय बोलायचं, टेबलाजवळ कुणी मर्यादा सोडली तर उपचार कसा थांबवायचा, खोलीबाहेर कसं पडायचं, नोंद काय लिहायची. नियम वागण्याला आहेत. स्त्री की पुरुष याला नाहीत. आपल्याकडे स्पा थेरपिस्टचे कौशल्य अभ्यासक्रम आहेत, प्रमाणपत्रही मिळतं, पण जिथं जाऊन ती मुलगी म्हणेल की मालक मला भलतं करायला लावतो आणि माझी नोंदणी धोक्यात येते, असं दार नाही. २०२१ च्या केंद्रीय कायद्यात फिजिओथेरपीपासून आहारशास्त्रापर्यंत सगळ्यांचे वर्ग केले, त्यात मसाज नाही. मग तिच्यासाठी उरतं पोलिसांचं दार, आणि त्यात ती आरोपी म्हणून जाईल की 'सुटका झालेली' म्हणून, ते त्या दिवशीच्या साहेबावर.

इथलं सगळं गोडच आहे असं नाही. माझी फी वीस हजार डॉलरच्या आसपास जाते, त्यात निम्मं कर्ज. मिरजेच्या मावशी इथं आल्या तर हात कितीही चांगला असो, त्या पाटी लावू शकणार नाहीत. मसाजच्या बिलावर १३ टक्के कर लागतो, शेजारच्या खोलीत फिजिओ बसतो त्याच्या बिलावर नाही; म्हणजे सरकारच्या एका खात्याला आम्ही आरोग्यसेवक आणि दुसऱ्याला चैन. आणि नवऱ्याची मान. तो दिवसभर ट्रकच्या डिस्पॅचचं काम करतो, मान कायम आखडलेली. नोंदणी झाली की मी त्याला पेशंट म्हणून तपासू शकणार नाही. पेशंटशी लैंगिक संबंध म्हणजे लैंगिक अत्याचार, आणि या व्याख्येतून आमच्या धंद्यात लग्नाचा जोडीदार वगळलेला नाही. तातडीचं किंवा किरकोळ काही सोडलं तर शिक्षा नोंदणी रद्द, आणि पाच वर्षं परत अर्जही नाही. वर्गात हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा पंजाबी मुलगा म्हणाला, मग लग्न करून फायदा काय? हसलो सगळे, पण मला तो नियम अजून पटलेला नाही. दंतवैद्यांना जोडीदाराच्या बाबतीत सूट मिळाली आहे. मानेनं काय पाप केलं?

तरीही बावीसशे तासांपैकी एका तासानं माझी झोप उडवली. विषय होता पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी. एकाच पोटरीला सूज, गरम, दुखरी, कधी लालसर, तर तिथं हात लावायचा नाही, चोळायचं तर मुळीच नाही, थेट दवाखान्यात पाठवायचं. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस जाऊ शकतो. जोखीम कुणाला जास्त, या यादीत वरच लिहिलेलं: बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे. सव्वा महिना म्हणजे जवळजवळ तेवढाच. मावशी बरोबर त्याच दिवसांत माझ्या पोटऱ्या रोज रगडत होत्या.

मी आईच्या फोनवरून मावशींशी बोलले. आता सत्तरीच्या आहेत, अजून दोन घरं करतात. म्हटलं, एखादीच्या एकाच पायाला सूज असली तर काय करता? त्या सहज म्हणाल्या, "तिथं जरा जास्त चोळायचं. उतरतीया."

मग मला विचारलं, "तुझं शिकणं किती दिवसांचं?"

"दोन वर्षांचं."

"दोन वर्षं? तवर बाळंतिणीचं पोर शाळंला जातंय की."

हसायला आलं आणि पोटात गोळाही आला. मावशींना बावीसशे तासांची गरज नाही. त्यांच्या हाताला वर्गातले अर्धे जण पोचणार नाहीत. त्यांना पाच-सहा तासांची गरज आहे: कुठला पाय चोळायचा नाही, कुठला ताप बघितल्यावर घरी जायचं, बाळाच्या नाकाकानात तेल का घालायचं नाही, आणि हात लावायच्या आधी एकदा विचारायचं. हे अवघड आहे असं मला कुणी महाराष्ट्रात बसून सांगू नये. गडचिरोलीत बंग दांपत्यानं गावातल्या बायकांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला तयार केलं. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अभ्यास आला आणि जगानं तो उचलला. आशाताईही असंच थोडं शिकून गावाचे अर्धे आजार वेळेवर ओळखतात. मालीश करणाऱ्या बाईला असं सहा तासांचं शिक्षण, एक ओळखपत्र आणि तालुक्याच्या नोंदवहीत एक ओळ द्यायला 'डॉ.'चा निकाल लागायची वाट बघायला नको. ओळखपत्र गळ्यात आलं की कपाचं काय होतं तेही कळेल.

मला माहीत आहे, ओळखपत्र निघालं की पुढं त्याचं लफडं होऊ शकतं. एजंट येतील, पैसे घेऊन कार्ड देतील, आणि ज्या मावशीकडे कार्ड नाही तिला कुणी घरात घेणार नाही. म्हणून कृती मोकळी ठेवावी आणि नाव तेवढं बांधावं, इतकं ऑन्टारिओकडून घ्यावं. नवऱ्याच्या मानेचा नियम त्यांनी ठेवून घ्यावा.

परवा रात्री क्लिनिकची नोंद लिहून झाल्यावर मी दीड मिनिटाचा आवाज रेकॉर्ड केला. मावशी, एकच पाय सुजला, गरम लागला, दुखत असला तर तेल बाजूला ठेवा आणि तिला सिव्हिलला न्यायला सांगा, असं आपल्या भाषेत दोनदा सांगितलं. मावशींचा साधा फोन आहे, म्हणून आईला पाठवलं आणि खाली लिहिलं, कट्ट्यावर चहाला बसतील तेव्हा ऐकव. निळ्या खुणा आल्या आहेत. आईनं भिशीचे फोटो पाठवले, त्यावर मी अंगठा दिला. मावशींना ऐकवलं का, ते तिनं अजून सांगितलेलं नाही.