ओटीएचं सुपरव्हिजन म्हणजे नुसती सही नव्हे

अमेरिकेत ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत यासाठी उपचार देणारे) म्हणून नोकरीला लागणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींत ओटीएबद्दल, म्हणजे ओटीच्या देखरेखीखाली उपचार देणाऱ्या प्रशिक्षित असिस्टंटबद्दल, एक संदेश फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: ‘2025 पासून मेडिकेअरने (अमेरिकेतला मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) डायरेक्ट सुपरव्हिजन काढून टाकलं. ओटीने इव्हॅल्युएशन करायचं आणि ओटीएच्या नोंदींवर सही करायची. ओटीए तसाही मदतनीसच, आणि बिल तेवढंच निघतं.’ यातलं एक विधान अर्धं खरं आहे, बाकीची तीन साफ चूक.

अर्धं खरं आधी. 1 जानेवारी 2025 पासून खाजगी प्रॅक्टिसमध्ये ओटीए काम करत असताना ओटी त्याच जागेत हजर असण्याची अट (डायरेक्ट सुपरव्हिजन) गेली. देखरेख ओटीचीच, पण तो संपर्कात असला तरी चालतं; याला जनरल सुपरव्हिजन म्हणतात. मेडिकेअरकडे स्वतःची नोंदणी असलेल्या ओटीलाच ही सवलत आहे. शिवाय रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात किंवा स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटीत (रुग्णालयानंतरच्या शुश्रूषेचं केंद्र) जनरल सुपरव्हिजन आधीपासूनच होतं, त्यामुळे तिथल्यांसाठी काहीच बदललेलं नाही. आणि राज्याचा कायदा मेडिकेअरपेक्षा कडक असेल तर राज्याचाच चालतो. किती दिवसांनी भेटायचं, एका ओटीकडे किती ओटीए, काउंटर-सही लागते की नाही, हे राज्यागणिक वेगळं असतं. टेक्सासचा अनुभव कॅलिफोर्नियात कामाला येत नाही.

‘सही केली की झालं’ हा यातला सगळ्यात घातक भाग. मेडिकेअर पार्ट बी मध्ये (विम्याचा बाह्यरुग्ण सेवांचा भाग) दर 10 उपचार-दिवसांच्या आत प्रोग्रेस रिपोर्ट लागतो. आठवड्यातून तीनदा येणाऱ्या पेशंटचा दहावा दिवस चौथ्या आठवड्यात येतो. रोज येणाऱ्याचा दुसऱ्याच आठवड्याच्या शेवटी, आणि गडबड नेमकी तिथे होते. रिपोर्टातला काही मजकूर ओटीए लिहू शकतो, पण प्रगतीचा निष्कर्ष आणि ध्येयांतले बदल ओटीचेच. त्याच कालावधीत निदान एका सेशनमध्ये ओटीने स्वतः उपचार द्यायचे किंवा त्यात प्रत्यक्ष भाग घ्यायचा असतो. पेशंटला न पाहता केलेली सही ऑडिटमध्ये उभी राहत नाही.

एक उदाहरण जवळून बघू. स्ट्रोकचा पेशंट, डावी बाजू कमजोर. ओटीने आखलेल्या उपचाराच्या प्लॅनमध्ये ध्येय: बसून, थोड्या मदतीने शर्ट घालणे. ओटीएने मोठ्या बटणांवरून लहान बटणांवर नेलं, तर ते प्लॅनच्या आतलं ग्रेडिंग, म्हणजे काम हळूहळू अवघड करणं. विचारायची गरज नाही. पण डाव्या हाताला अचानक सूज आली, खांदा हलवला की पेशंट कळवळतो, तर तिथेच थांबून ओटीला फोन. ‘आज जरा दुखतंय, हळू करू’ म्हणत पुढे जायचं नाही, कारण पुन्हा तपासून प्लॅन बदलायचा की डॉक्टरांना कळवायचं हे ओटीने ठरवायचं असतं. प्लॅनमध्ये नसलेलं स्प्लिंट (हाताला आधार देणारी पट्टी) किंवा ई-स्टिम (स्नायूंना विजेचे सौम्य झटके) सुरू करणंही त्याच रांगेतलं. कोणत्या लक्षणांवर फोन करायचा, याची यादी पहिल्याच दिवशी लेखी द्या.

मदतनीस? मुंबईत केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण 1950 मध्येच सुरू झालं, पण ओटीए हा वर्ग आपल्याकडे फारसा रुजला नाही. म्हणून आपल्या डोळ्यांसमोर वॉर्डातले मामा-मावशी येतात. तिकडे त्या कामाला वेगळा माणूस असतो, त्याला एड म्हणतात, आणि त्याने एकट्याने दिलेल्या उपचाराचे मेडिकेअर पैसे देत नाही. ओटीएचा अभ्यासक्रम बहुधा दोन वर्षांचा, त्यात 16 आठवडे पूर्णवेळ लेव्हल टू फील्डवर्क (रुग्णांसोबतचं प्रत्यक्ष प्रशिक्षण), वर राष्ट्रीय परीक्षा. त्याला खुर्च्या सरकवायला लावणं हा सरळ सरळ अपव्यय आहे.

उलट टोकही नको. ‘परीक्षा पास आहे, म्हणजे येतंच’ असं धरू नका. दोघांनी एकाच पेशंटचं कोपराचं वाकणं वेगवेगळं मोजा. फरक 5 अंशांहून जास्त आला तर आधी गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन) बघा: मध्यबिंदू लॅटरल एपिकाँडाइलवर (कोपराच्या बाहेरच्या बाजूचा उंचवटा) आहे का, स्थिर दांडी अॅक्रोमिअनकडे (खांद्याचं टोक) आणि हलती दांडी रेडिअसच्या मनगटाकडच्या टोकाकडे आहे का. आकडे जुळेपर्यंत हे मोजमाप त्याच्यावर सोपवू नका. ट्रान्सफरचंही (पेशंटला पलंगावरून खुर्चीत वगैरे हलवणं) तसंच, सोबत करून बघा, तारीख घालून नोंदवा.

‘बिल तेवढंच’ हेही खोटं. 2020 पासून पार्ट बी मध्ये ओटीएने दिलेल्या सेवेला ‘सीओ’ मॉडिफायर (बिलातल्या कोडला जोडायची खूण) लागतो आणि 2022 पासून मेडिकेअर आपल्या वाट्याच्या 85 टक्केच देतं. मंजूर दर 100 डॉलर असेल तर मेडिकेअरचे 80 चे 68 होतात. पेशंटचे 20 तसेच. दोघांनी मिळून एकच सेवा दिली तर हिशोब मिनिटांवर जातो. एकूण 30 मिनिटं, म्हणजे 15 मिनिटांची दोन युनिट; युनिट आपल्या नावे लागायला ओटीची त्यातली निदान 8 मिनिटं लागतात. ओटीची 20 आणि ओटीएची 10 असतील तर एक युनिट साधं, दुसरं सीओसह. ओटीची 23 आणि ओटीएची 7 असतील तर दोन्ही साधी, कारण दुसऱ्या युनिटमध्ये ओटीची 8 मिनिटं भरतात. दोघं एकाच वेळी पेशंटसोबत असतील तर ती मिनिटं ओटीची. नोंदीत नुसतं ‘30 मिनिटं’ लिहिलं, तर बिलिंगवाल्याने मॉडिफायर ठरवायचा कशावरून?